नवजात बाळांचे चार्ट कोड करताना

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी मेडिकल कोडिंग शिकले. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी वर्गीकरणातील कोड द्यायचे आणि त्यांच्या आधारे तिथल्या विमा कंपन्यांकडे बिले जायची, असे या कामाचे ढोबळ स्वरूप आहे. क्लासमध्ये नवजात अर्भकांचे सोळावे, म्हणजे पी अक्षराचे, प्रकरण अर्ध्या दिवसात उरकले गेले. नोकरीत मात्र दुसऱ्याच महिन्यात एनआयसीयूचे, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे, चार्ट माझ्या वाट्याला आले.

पहिली चूक पोटॅशियमची झाली. दोन दिवसांच्या बाळाच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम बरेच वाढलेले दिसले. इंडेक्समध्ये हायपरकलेमिया, म्हणजे रक्तातले वाढलेले पोटॅशियम, शोधला, ई ८७.५ हा कोड सापडला आणि तो टाकून मी पुढच्या चार्टकडे वळले. ऑडिटमध्ये या एका ओळीत दोन चुका निघाल्या.

त्यातली पहिली चूक प्रकरणाची होती. ई अक्षराच्या चौथ्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीलाच, कोणताही कोड सुरू होण्यापूर्वी, एक्सक्लूड्स १ ची, म्हणजे इथे काय धरायचे नाही हे सांगणारी, एक टीप आहे. नवजात बाळांचे तात्पुरते अंतःस्रावी व चयापचयाचे विकार, म्हणजे पी ७० ते पी ७४, या प्रकरणात धरू नयेत, असे ती सांगते. नवशिका कोडर इंडेक्समधून थेट कोडवर उडी मारतो, त्यामुळे प्रकरणाच्या माथ्यावरची ही टीप त्याच्या नजरेस पडतच नाही. बाळाला खरोखरच हायपरकलेमिया असता, तर कोड पी ७४.३१ आला असता. सोडियम वाढल्यास पी ७४.२१, सोडियम घटल्यास पी ७४.२२ आणि पोटॅशियम घटल्यास पी ७४.३२ अशी ही मांडणी आहे. वाढ आणि घट यांना वेगळे कोड ऑक्टोबर २०१८ पासून मिळाले. त्याआधी पी ७४.२ आणि पी ७४.३ इतक्यावरच भागत असे. जुन्या नोट्सवर अभ्यास करणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावे, कारण अपुऱ्या अंकांचा कोड ग्राह्य धरला जात नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. त्या बाळाला हायपरकलेमिया असल्याचे डॉक्टरांनी कुठेही लिहिलेले नव्हते. रक्त टाचेला टोचून घेतले होते. असे रक्त पिळून काढताना तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम नमुन्यात उतरते आणि आकडा खोटाच वाढतो. नर्सच्या नोंदीत नमुना हिमोलाइज्ड झाल्याचा उल्लेख होता आणि शिरेतून पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम नेहमीसारखे होते. हे सारे त्याच चार्टमध्ये चार पाने पुढे होते. मी तिथवर वाचलेच नव्हते. प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधला आकडा कितीही ठळक असला, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला महत्त्व दिल्याशिवाय कोडर त्याचे निदान करू शकत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांना हे विशेष जड जाते, कारण रिपोर्ट वाचण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली असते.

साखरेच्या बाबतीत वेगळाच घोटाळा होतो. बाळाची साखर उतरली, दहा टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) शिरेतून दिले आणि डॉक्टरांनी हायपोग्लायसेमिया लिहिले, की पी ७०.४ हा कोड लगेच सुचतो. पण आईला गरोदरपणातला मधुमेह होता आणि त्याचाच बाळावर परिणाम झाल्याची नोंद असेल, तर पी ७०.० येतो, मधुमेह आधीपासूनचा असेल, तर पी ७०.१. या दोन्हींत उतरलेली साखर धरलेलीच आहे, म्हणून पी ७०.४ वेगळा जोडायचा नसतो. आईला मधुमेह आहे एवढ्यावरून ठणठणीत बाळाला हे कोड देणेही चूकच. उपचारांमुळेच साखर उतरल्याचे डॉक्टरांनी म्हटले असेल, तर पी ७०.३ बघावा.

कॅल्शियमच्या गटात पी ७१.० हा गाईच्या दुधामुळे होणाऱ्या हायपोकॅल्सेमियाचा कोड पाहून मला पंचवटीतल्या आमच्या आजीची आठवण झाली. बाळाला वरचे दूध लवकर देण्याचा आग्रह तिच्या पिढीत सर्रास होता. गाईच्या दुधातले फॉस्फरस कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही आणि रक्तातले कॅल्शियम घसरते. प्रत्यक्ष कामात मात्र इतर कारणांनी घसरलेल्या कॅल्शियमचा पी ७१.१ च अधिक वेळा लागतो.

वयाबद्दल दोन शब्द. जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचा काळ सोळाव्या प्रकरणात मोडतो. तरीही त्या काळात सुरू झालेला विकार पुढे टिकून राहिला, तर पी कोड नंतरही वापरता येतो. हे कोड बाळाच्याच नोंदीवर येतात, आईच्या कधीही नाही. झेड ३८ हा जन्माचा कोड फक्त जिथे जन्म झाला त्या रुग्णालयाच्या नोंदीवर पहिला येतो; बाळ दुसरीकडे हलवले असेल, तर तिथे तो लावत नाहीत.

सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेत शंभर प्रश्नांना चार तास मिळतात आणि कोडची पुस्तके सोबत नेता येतात. चौथ्या प्रकरणाच्या माथ्यावरची ती टीप मी माझ्या पुस्तकात लाल पेनने चौकटीत टाकली होती.

चार्टमध्ये आकडा आणि उपचार दोन्ही आहेत, पण निदानाचा शब्द नाही, अशा वेळी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी लागते. माझी पहिली क्वेरी ‘बाळाला हायपोनेट्रेमिया (सोडियम घटणे) होता ना?’ अशा धाटणीची होती आणि टीम लीडने ती लगेच परत पाठवली, कारण त्यात उत्तर मीच सुचवले होते. आता मी सोडियमचे आकडे, त्यांच्या तारखा आणि दिलेले द्रव एवढेच मांडते, आणि या उपचारांमागे कोणते निदान होते, तसे काही असल्यास कृपया नोंदवावे, अशी विनंती करते. कधी निदान लिहून येते, कधी ‘विशेष काही नाही’ असे उत्तर येते आणि मग तो आकडा कोडशिवायच राहतो.