उत्तराधिकाराचे इंग्रजी वाक्प्रचार कसे वापरावेत: पेशव्यांच्या वंशावळीवर सराव

निरोप समारंभाचं भाषण असो, ऑफिसची ईमेल असो की दुकान मुलाच्या हाती दिल्याची जाहिरात, 'पासिंग द बॅटन' सगळीकडे सर्रास वापरलं जातं. वाक्प्रचार निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आधीचा माणूस गेला कसा? राजीखुशीनं निवृत्त झाला, की वारला, की त्याला दूर केलं? सरावासाठी पुणेकरांना पेशव्यांच्या वंशावळीइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आधी देणारा हयात आहे का ते बघा. 'पास द बॅटन' रिले शर्यतीतून आलं, 'पास द टॉर्च' मशालीच्या दौडीतून. दोन्हींत देणारा स्वतः पुढच्याच्या हातात वस्तू देतो. 20 जानेवारी 1961 ला मशाल नव्या पिढीकडे आल्याचं जॉन केनेडी म्हणाले, तेव्हा मावळते अध्यक्ष आयझेनहॉवर समोर हजर होते. 1720 मध्ये मात्र बाळाजी विश्वनाथ वारले आणि 19 वर्षांच्या बाजीरावाकडे पेशवेपद आलं. इथे बॅटन चालणार नाही. 'बाजीराव स्टेप्ड इन्टू हिज फादर्स शूज' म्हणा.

या 'शूज'पाशी जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'स्टेप इन्टू' म्हणजे फक्त जागा घेणं. 'फिल समवन्स शूज' म्हणजे त्या जागेला पुरं पडणं. बाजीरावानं पहिलं एका दिवसात केलं, दुसरं करून दाखवायला मोहिमांवर मोहिमा काढाव्या लागल्या. आपल्या कानाला दुसऱ्याच्या पायताणात पाय घालणं खटकतं. भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, पायात घातल्या नाहीत. इंग्रजीत मात्र यात कसलाही अनादर नाही. 'बिग शूज टु फिल' म्हटलं की जाणाऱ्याचं कौतुक होतं, पण नव्या माणसावर दडपणही येतं. स्वागताच्या पत्रात ते लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थोर माणसाची जबाबदारी कुणी शिरावर घेतली, तर 'टेक ऑन द मँटल' वापरा. मँटल म्हणजे अंगावरची शाल किंवा झगा. बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याचा झगा त्याचा शिष्य अलिशाला मिळतो. पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा वाक्प्रचार मुद्दाम पाठ करावा लागत नाही. फक्त तो मोठ्या वारशासाठी राखून ठेवा, सोसायटीच्या खजिनदारासाठी नको.

मग पद अजून रिकामं झालंय का ते तपासा. झालं नसेल आणि कुणी तयारीत उभा असेल, तर 'वेटिंग इन द विंग्ज'. बालगंधर्व रंगमंदिराच्या विंगेत प्रवेशाची वाट पाहणारा नट डोळ्यांसमोर आणा. 'वेटिंग फॉर डेड मेन्स शूज' मात्र दुसऱ्याच्या जाण्यावर टपलेल्याबद्दल बोलतात, ते टोचतं. माधवरावांच्या काळातल्या राघोबादादांना यातलं कोणतं लावायचं, ते तुम्ही ठरवा.

'एअर अपॅरंट' म्हणताना 'ह'चा उच्चार करू नका. ज्याचा हक्क नव्या जन्मामुळे हलत नाही असा हा वारस. चार्ल्स 1952 पासून 2022 पर्यंत तसे होते. त्यांची आई एलिझाबेथ राणी होण्याआधी 'एअर प्रिझम्प्टिव्ह' होती, कारण तिला भाऊ झाला असता तर मुकुट त्याच्याकडे गेला असता. निपुत्रिक माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव याच दुसऱ्या प्रकारात बसतात. कंपन्यांबद्दल बोलताना हा फरक कुणी पाळत नाही, तिथे 'अपॅरंट' पुरे.

'अ न्यू ब्रूम स्वीप्स क्लीन' आणि आपलं 'नव्याचे नऊ दिवस' एक नव्हेत. इंग्रजी म्हण नवा साहेब येताच धडाक्यानं बदल करतो असं सांगते, आपली म्हण तो जोर ओसरेल असं.

नुसत्या लागोपाठ घटनांसाठी 'इन क्विक सक्सेशन' आहे. नोव्हेंबर 1772 मध्ये थेऊरला माधवराव गेले, ऑगस्ट 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि 1774 मध्ये तान्ह्या सवाई माधवरावांना पेशवेपद मिळालं. पेशवे बदलले ते 'इन क्विक सक्सेशन'.

शेवटी व्याकरण. 'पावलावर पाऊल टाकणे' साठी 'फॉलो इन हिज फुटस्टेप्स' लिहा. त्यातलं 'इन' गाळू नका आणि फुटस्टेप्स अनेकवचनीच ठेवा.