काटे नसलेलं करवंद

भाची आणि जावई जुलैत केनिया-टांझानियाला निघालेत. परवा दोघं वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वही घेऊन आले. "मामा, सिंह-बिबट्यांचं गाइड बघेल. आम्ही स्वतः कशापासून जपायचं?" मी म्हणालो, झाडांपासून. दोघांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

मी टांझानियात विजेच्या लाइनच्या सर्व्हेवर नऊ वर्षं काढली. दोदोमा, सिंगिडा, इरिंगा. काम एकच, झुडपातून सरळ रेघ काढत जायचं. पुढे पंगा, म्हणजे तिकडचा लांब कोयता, घेतलेला माणूस आणि मागे दुर्बीण-तिपाई घेऊन मी. त्या नऊ वर्षांत साप एकदाही चावला नाही. झाडांनी मात्र आमच्यापैकी एकालाही सोडलं नाही.

सहलीला जाणाऱ्यांना एवढं चालावं लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांत गाडीतून उतरायला सहसा मनाईच असते. पण तंबूभोवतीचं रान, डबा खायला थांबण्याची जागा, पायी सफारी, 'जरा आडोशाला जाऊन येतो' म्हणून गाठलेलं झुडूप, आणि अरुंद रस्त्यावर उघड्या गाडीच्या कडेला घासत जाणाऱ्या फांद्या, एवढ्यात सगळं घडतं. म्हणून पहिली गोष्ट: गाडी चालू असताना कोपर बाहेर नको. दुसरी: आडोशाला जाताना कागद बरोबर न्या, हाताला येईल ते पान तोडू नका.

काट्यांबद्दल आधी सांगतो. तिकडच्या बाभळींचे काटे दोन तऱ्हांचे. एक सरळ, पांढरे, बोटभर लांब. रबरी चप्पल असली तर तळ फोडून थेट पावलात जातात. दुसरे आखूड आणि मांजराच्या नखासारखे वाकडे. छत्रीसारखी पसरलेली जी बाभूळ प्रत्येक फोटोत दिसते, तिला हे दोन्ही असतात. वाकड्यांना इंग्रजीत 'जरा थांब' अशा अर्थाचं नाव आहे आणि ते अगदी खरं आहे. अडकलात की ओढू नका. ओढलं की नख आणखी रुततं, आणि सुटायला हात पुढे केला की हातही गुंततो. आमच्याबरोबर एक म्झे होते. तिकडे वडीलधाऱ्याला म्झे म्हणतात. नवा माणूस अडकला की ते लांबूनच ओरडायचे, "रुदी न्युमा!" म्हणजे मागे सर. आलात त्याच दिशेनं अर्धं पाऊल मागे सरायचं, म्हणजे आकडे सैल होतात. मग दुसऱ्यानं एकेक काटा सोडवायचा.

काटा आत मोडला तर त्याच संध्याकाळी चिमट्यानं काढा. गुडघ्यात किंवा बोटाच्या सांध्यात गेला असेल तर घरगुती कोरणं नको, डॉक्टरच हवा. लाकडाचा तुकडा सांध्यात राहिला तर सूज महिनोन् महिने उतरत नाही. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना, ते बघून घ्या. रोज रात्री बुटांचे तळही तपासा. तळात अर्धवट रुतलेला काटा दुसऱ्या दिवशी चालताना आत शिरतो.

काळ्या मातीत, अगदी आपल्या कानमच्या शेतांसारख्या काळ्या मातीत, एक बुटकी बाभूळ दिसेल. काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढ्या पोकळ गाठी असतात. मुंग्या त्यांना भोकं पाडून आत राहतात आणि वारा सुटला की त्या भोकांतून शीळ ऐकू येते. ऐकत राहावं असं ते आहे, पण लांबून. फांदीला धक्का लागला की क्षणात मुंग्या अंगावर येतात.

आता खाजकुयली. आपल्याकडचीच ही वेल तिकडेही आहे. स्वाहिलीत तिला उपुपु म्हणतात. पाऊस संपून शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यानंही उडते, त्यामुळे शेंगेला हात लागायलाच हवा असं नाही. मोरोगोरोच्या बाजूला एकदा वेलीखाली सामान ठेवून जेवलो आणि तासाभरात चार माणसं अंग ओरबाडत होती. खाजवलं की लव आणखी आत जाते आणि हात डोळ्यांकडे गेला तर फारच वाईट. करायचं असं: हात न चोळता रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबून उचलायची, दर वेळी नवा तुकडा. लव निघाली की साबण आणि भरपूर पाणी. कपडे बदलायचे आणि ते वेगळे धुवायचे. चिकटपट्टी नसेल तर ओल्या चिखलाचा लेप लावून वाळू द्यायचा आणि सोलून काढायचा. आमचे म्झे हेच करायचे.

कुसळी गवतही दोन्हीकडे सारखंच. ओल लागली की त्याची शेपटी पिळते आणि टोक मोज्यात, मग कातडीत शिरतं. लोकरीचे मोजे नकोत, आणि पँट घट्ट विणीची असू द्या.

सगळ्यात जास्त काळजी मला चिकाची वाटते. आपल्या शेतांच्या कुंपणाला जो खरसाणी थोर असतो, मराठीत शेर, तो मूळचा आफ्रिकेतलाच. मसाई लोक त्याला 'एमन्यारा' म्हणतात, गुरांच्या वाड्याभोवती तो लावतात, आणि मन्यारा सरोवराचं नाव त्यावरूनच पडलं. तिकडे त्याच कुळातले झुंबरासारखे मोठे वृक्षही आहेत. फांदी मोडली की पांढरा चीक चिळकांडीसारखा उडतो. आमच्यातल्या एकानं पंग्यानं अशी फांदी तोडली आणि थेंब डोळ्यात गेला. सुरुवातीला नुसतं चुरचुरत होतं म्हणून तो काम करत राहिला. रात्री वेदनेनं त्याला बसवेना. डोळा वाचला, पण बरेच दिवस पट्टी होती. म्हणून नीट लक्षात ठेवा: चीक डोळ्यात गेला की त्याच क्षणी स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या संपल्या तरी चालतील. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून टाकायची. दूध, तूप, मध काही घालायचं नाही. आणि बरं वाटलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच, कारण खरा त्रास काही तासांनी सुरू होतो.

शेकोटीसाठी स्वतः लाकडं गोळा करू नका. या थोरांचं वाळकं लाकूड किंवा ताम्बोती नावाच्या झाडाचं लाकूड जाळलं तर धूर बाधतो. त्यावर भाजलेलं खाल्लं तर पोट बिघडतं. ताम्बोतीला चंदनासारखा गोड वास येतो. आपल्या माणसाला तो हमखास आवडणार, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि आता करवंद. अरुशाजवळ एका टेकडीवर मला काळी-जांभळी पिकलेली फळं दिसली. तशीच जाड चकचकीत पानं, तोडलं की तसाच चीक. वडोदऱ्याचा माणूस, पावागढच्या करवंदांवर वाढलेला, मी हात पुढे केला. म्झेंनी मनगट धरलं. ते बाणाला लावायच्या विषाचं झाड होतं, अकोकँथेरा. त्यातलं औबाइन नावाचं विष सरळ हृदयावर जातं. खरं करवंदही आफ्रिकेत होतं आणि ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणूनच ही गफलत होते. फरक काट्यात आहे. करवंदीला काटे असतात, पुष्कळदा दुहेरी. याला एकही नसतो. पण ही खूण मी खाण्यासाठी सांगत नाही, थांबण्यासाठी सांगतोय. रानातलं काहीही तोंडात टाकायचं नाही, बरोबरच्या गाइडनं स्वतः खाल्लं तरच विचार करायचा.

बाल्कनीतल्या कुंडीत आपण हौसेनं लावतो ते अडेनियमही तिथलं रानटी झाड. एयासी सरोवराकाठचे हाद्झा शिकारी त्याच्या रसापासून बाणाचं विष करतात. फोटो काढा, फूल खुडू नका. कळलावी झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे, दिसायला तितकीच सुंदर आणि कंदापासून बीपर्यंत विषारी.

खरेदीबद्दल एकच. लाल-काळ्या गुंजांच्या माळा आणि कडी दुकानांत मिळतात. अखंड गुंज टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण माळेसाठी भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जीव घेऊ शकते. घरात लहान मूल आहे, तेव्हा ती माळ आणायची नाही.

पिशवीत एवढं असू द्या: बारीक टोकाचा चिमटा, भिंग, रुंद चिकटपट्टी, पाण्याची एक जास्तीची बाटली, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी.

सध्या फेब्रुवारी आहे. जांबुघोड्याच्या जंगलात खाजकुयलीच्या शेंगा वाळून लटकल्या असतील आणि कुसळी तर वाटेवरच भेटेल. येत्या रविवारी दोघांना घेऊन जातोय. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून सकाळी साडेसहाला या, असं सांगितलंय. शेंगा लांबूनच दाखवीन. करवंदीचा दुहेरी काटा मात्र दोघांनी बोटांनी चाचपून बघायचा आहे.