सन लेबलचे जुने आरअँडबी तवे ऐकायचेत? मग नंबरप्रमाणे ऐका

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांचे तवे, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्ड, अजून आहेत, त्यामुळे ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यांची) खरखर मला कधी खटकलीच नाही, उलट ती सुरू झाली की बरं वाटतं. पण अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन या रेकॉर्ड कंपनीचा, सन लेबलचा, विषय निघाला की सगळे थेट एल्विस प्रेस्लीवर उडी मारतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. एल्विसचा पहिला तवा २०९ नंबरचा, जुलै १९५४ चा, आणि लेबलचा बाजारात आलेला पहिला तवा १७५, तो १९५२ चा. मधल्या दोन वर्षांत जे निघालं त्यातलं बहुतेक काळ्या कलाकारांचं ब्लूज आणि आरअँडबी (रिदम अँड ब्लूज) आहे, आणि तेच ऐकायचं राहून जातं.

तर पहिलं काम, वहीत तव्यांवर छापलेल्या या नंबरांची यादी करा आणि त्याच क्रमाने ऐका, दिवसाला एक तवा, दोन्ही बाजू. ‘बेस्ट ऑफ’ लावू नका, त्यात सगळी सरमिसळ असते.

सुरुवात मात्र लेबलच्याही आधीपासून करा. सनचा मालक सॅम फिलिप्स, त्याने मेम्फिसमध्ये ७०६ युनियन अव्हेन्यूवर स्टुडिओ उघडला जानेवारी १९५० मध्ये, तेव्हा स्वतःचं लेबल नव्हतं, रेकॉर्डिंग करायचं आणि शिकागोच्या चेससारख्या कंपन्यांना द्यायचं असं चालायचं. मार्च १९५१ चं ‘रॉकेट ८८’ असंच चेसवर आलं, तव्यावर नाव जॅकी ब्रेन्स्टनचं पण बँड आइक टर्नरचा. स्टुडिओत येताना वाटेत गिटारचा अँप (अँप्लिफायर) बिघडला, स्पीकरचा कागदी कोन फाटला, तर त्यात कागद कोंबून तसंच वाजवलं. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्षच देऊ नका, खाली जी घरघर चालू आहे ना, मधमाशी डब्यात अडकल्यासारखी, ती पकडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. दुसऱ्या वेळी सॅक्सोफोन ऐका. गायक तिसऱ्या वेळी.

फोनवर ऐकत असाल तर अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा, बेस बूस्ट बंद, आणि जमलं तर हेडफोन काढून एकाच स्पीकरवर लावा, कारण हे सगळं मोनोच आहे. नंतर कोणी खोटा स्टीरिओ केलेला किंवा वरून घुमारा चढवलेला असतो, तो लगेच कळतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो, तो सोडून द्या. अजून एक, त्याच कलाकाराने तेच गाणं पुढे परत गायलेलं असू शकतं, म्हणून साल बघितल्याशिवाय लावू नका.

खरा ७८ चा तवा हाती लागला तर एलपीची सुई लावू नका, ७८ ची चर रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते आणि एलपीची असते १ मिलच्या आतबाहेर. पुसायला स्पिरिट तर अजिबात नको, हे तवे लाखेचे असतात आणि लाख विरघळते. मी आजोबांच्या एका तव्यावर लावलं होतं, बघता बघता चकाकी गेली, ते अजून मनाला लागतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, चरीच्या दिशेने गोल फिरवा आणि मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा, बस.

आता थांबून ऐकायच्या जागा. १८१, रुफस थॉमसचं ‘बेअर कॅट’, हे बिग मामा थॉर्नटनच्या ‘हाउंड डॉग’ला दिलेलं उत्तर, आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखं, म्हणून आधी तिचं लावा आणि लगेच याचं. चाल इतकी तीच होती की कोर्टात केस झाली आणि सनला पैसे भरावे लागले. १८६ हे प्रिझनेअर्सचं, टेनेसीच्या तुरुंगातले पाच कैदी, जून १९५३ मध्ये पहाऱ्यात नॅशव्हिलहून मेम्फिसला आणून गाऊन घेतलं. हे रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर हळू आवाजात लावा, मागे जवळजवळ फक्त गिटार आहे आणि जॉनी ब्रॅगचा आवाज इतका हळुवार येतो की आपण श्वास धरून बसतो.

१९२ म्हणजे लिटल ज्युनियर पार्करचं ‘मिस्ट्री ट्रेन’. एल्विसने १९५५ मध्ये हेच गाणं धावत म्हटलंय, पार्करची गाडी मात्र सावकाश, ओझं लादल्यासारखी निघते आणि सॅक्सोफोन शिट्टी देतो. दोन्ही ऐका, पण आधी पार्कर.

आणि २०६, जेम्स कॉटनचं ‘कॉटन क्रॉप ब्लूज’. कापसाच्या शेतीत हाती काही उरत नाही याचं गाणं, आपल्या माळव्या-निमाडातल्या कापूसवाल्या माणसाला समजावून सांगायला नको. मध्ये पॅट हेअरचा गिटार येतो, फाटलेला, चिडलेला, १९५४ साली असा आवाज! आवाज थोडा वाढवून तेवढा भाग दोनदा ऐका, मग खुशाल २०९ लावा.