हळदीचा पिवळा पिवळाच राहावा म्हणून: लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगाव-खानापूर भागात लग्नाच्या कामाला येणाऱ्या नव्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो, हळदीला व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग धरून पांढरं पांढरंच दाखवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. अंगाला हळद, साड्या पिवळ्या, मागे झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळा वाढवतो. नवरी फिकी, हळद मळकट. दोन पावलं मागे जाऊन पांढरी भिंत फ्रेममध्ये घेतलीत की रंग परत वेगळा. मग अल्बम लावताना एकाच पानावर एकच नवरी दोन रंगांची.

हळद उघड्या अंगणात असेल तर मेनूतला ‘डेलाइट’ हा तयार पर्याय लावा, साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), आणि विसरा. पण बहुतेक वेळा वर मांडवाचं कापड असतं आणि दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं. तिथे तयार पर्याय एकही लागू पडत नाही. कस्टम घ्यायचं, म्हणजे त्याच उजेडावरून व्हाइट बॅलन्स आपण ठरवायचा. करवलीला नवरीच्या चेहऱ्यापाशी ग्रे कार्ड, म्हणजे रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड, धरायला सांगा, ते फ्रेमभर घेऊन फोटो काढा आणि मेनूत तोच फोटो कस्टमसाठी निवडा. कार्ड नसेल तर कोरा कागद. झेरॉक्सच्या कागदाला निळसर झाक असते, त्यामुळे फोटो किंचित पिवळट येतो. हळदीला ते खपून जातं. गडद लाल कापडाखाली मात्र कस्टमही हात टेकतं, कारण त्या उजेडात निळा-हिरवा जवळपास उरलेलाच नसतो. नवरीला सरळ मांडवाच्या कडेला, उघड्या बाजूकडे तोंड करून बसवा.

कार्यालयात व्हिडिओवाल्याशी आधी बोलून घ्या. त्याचा लाइट ५६०० चा आणि स्टेजवरचे हॅलोजन ३२०० चे असले, तर कुठलाही आकडा दोघांना पुरत नाही. स्टेजचाच उजेड धरायचा असेल तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) चढवा आणि कॅमेरा ३२०० वर आणा. एलईडीखाली फोटोत पट्टे आले तर तो व्हाइट बॅलन्सचा दोष नव्हे. शटर १/१०० सेकंदावर आणून बघा.

कॅमेऱ्यातला केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो, कमी केला की निळसर. एवढं डोक्यात बसलं की राजहंसगडावरच्या संध्याकाळच्या प्री-वेडिंगला डेलाइटच का ठेवायचा ते कळेल. ऑटो आकडा खाली आणून ते सोनेरी ऊन धुऊन काढतं. खानापूरच्या जंगलात झाडाखाली ‘शेड’ (सावलीसाठीचा तयार पर्याय) लावूनही चेहरे हिरवट येतात. तिथे केल्विनला हात न लावता टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) थोडा मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे सरकवा.

‘रॉ आहे की हो, नंतर करतो,’ असं पोरं म्हणतात. होतं, खोटं नाही; रॉ फाइलमध्ये रंग नंतर बदलता येतो. पण अक्षता पडल्या पडल्या मामा मोबाईलवर फोटो मागतो, आणि त्याला जाते ती कॅमेऱ्यानं रंग ठरवून दिलेली जेपीईजी फाइलच.