प्रथिन परजीवीला पेशीत शिरण्यास मदत करते का, हे कसे तपासावे

‘अमुक प्रथिन परजीवीला आतड्याच्या पेशीत शिरण्यास मदत करते’ असे विधान शोधनिबंधांत वारंवार येते आणि बहुतेक वेळा त्यामागचा पुरावा विधानापेक्षा बराच तोकडा असतो. असे विधान वाचताना काय पाहावे आणि स्वतःच्या प्रबंधात ते करायचे असल्यास कोणती काळजी घ्यावी, हे येथे क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम या एकपेशीय परजीवीच्या आधारे मांडले आहे. अमेरिकी संशोधक टायझर यांनी क्रिप्टोस्पोरिडियमचे वर्णन १९०७ मध्ये उंदरांतील परजीवी म्हणून केले, पण माणसातील पहिल्या रुग्णांची नोंद होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना त्याची बाधा झाली. आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात ठिकाणी, त्यांत कोलकात्यातही, झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तान्ह्या मुलांच्या गंभीर जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसच्या खालोखाल याच परजीवीचे नाव आले.

सर्वांत आधी संसर्गाचे टप्पे कागदावर वेगवेगळे लिहून काढावेत. जेमतेम पाच मायक्रोमीटर व्यासाच्या ऊसिस्टमधून, म्हणजे परजीवीच्या कवचबंद रूपातून, शरीराचे तापमान आणि पित्तक्षार मिळताच, चार स्पोरोझोइट, म्हणजे संसर्ग करणारे सुटे परजीवी, बाहेर पडतात. ते पृष्ठभागावर सरपटतात, पेशीला चिकटतात, आत शिरतात आणि मग तेथे वाढू लागतात. हे पाच टप्पे आहेत आणि प्रथिनाचा संबंध त्यांपैकी कोणत्याही एकाशी असू शकतो. दाराशी आलेला प्रत्येक जण घरात शिरतोच असे नाही, त्याचप्रमाणे पेशीला चिकटलेला प्रत्येक स्पोरोझोइट आत जात नाही. शिवाय या परजीवीच्या बाबतीत ‘आत’ याचा अर्थही निराळा आहे. तो आतड्याच्या अस्तरपेशीच्या पटलाने पूर्ण वेढला जातो, परंतु पेशीद्रव्यात उतरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील सूक्ष्मांकुरांच्या पातळीवर, पटलाच्या कप्प्यातच राहतो आणि त्याच्या तळाशी यजमान पेशीतील, तिच्या हालचालीस लागणारे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू दाटून येतात. त्यामुळे यजमान पेशीही प्रवेशात भाग घेते, हे गृहीत धरूनच प्रयोग आखावा.

दुसरी पायरी म्हणजे प्रथिन परजीवीच्या शरीरात नेमके कोठे असते हे पाहणे. चिकटण्याशी आणि सरपटण्याशी संबंधित पुष्कळ प्रथिने स्पोरोझोइटच्या टोकाकडील मायक्रोनीम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत असतात, तर शिरताना यजमान पेशीत सोडली जाणारी ऱ्होप्ट्री या अंगकात असतात. जीपी९०० हे श्लेष्म्यातील म्युसिनसारखे, शर्करांनी लगडलेले प्रचंड प्रथिन मायक्रोनीममध्ये आढळते. जीपी६० हे आधी एकसंध बनते आणि मग कापले जाऊन त्याचे जीपी४० व जीपी१५ असे दोन भाग होतात. जीपी१५ पटलाला नांगरलेले राहते आणि जीपी४० त्याच्याशी जोडलेले असते. २००४ मध्ये या परजीवीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून अशी संभाव्य प्रथिने संगणकावर शोधणे सोपे झाले आहे. मात्र संगणकाने दिलेली यादी ही केवळ संशयितांची यादी असते. जीपी६०चे जनुक परजीवीच्या वाणावाणांत फार बदलते, म्हणूनच साथीच्या तपासात वाण ओळखण्यासाठी ते वापरतात. पण या बदलांवरून फार तर प्रतिकारशक्तीच्या दबावाचा अंदाज करता येतो, प्रवेशातील भूमिकेचा नाही.

यानंतर प्रतिपिंडांचे प्रयोग येतात आणि सर्वाधिक घोटाळे येथेच होतात. प्रतिपिंड मिसळल्यावर संसर्ग घटला, म्हणून ते ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रवेशासाठी आवश्यक आहे, असा निष्कर्ष बिनदिक्कत काढला जातो. वास्तविक प्रतिपिंडाला दोन भुजा असल्याने ते दोन स्पोरोझोइट एकमेकांना बांधू शकते. अशा गठ्ठ्यांत अडकलेले परजीवी पेशीपर्यंत पोहोचतच नाहीत. यासाठी संपूर्ण प्रतिपिंडासोबत त्याचा एकभुज तुकडा, म्हणजे फॅब, वापरून तोच परिणाम मिळतो का ते पाहावे, तसेच त्याच प्राण्याचे लसीकरणापूर्वीचे सीरम कंट्रोल म्हणून ठेवावे. दुसरा सापळा शर्करांचा आहे. ४ई९ हे गाजलेले प्रतिपिंड संसर्ग रोखते, पण ते जीपी४० आणि जीपी९०० या दोहोंवर असलेल्या एकाच प्रकारच्या शर्करेला चिकटते; तेव्हा परिणामाचे श्रेय कोणत्या प्रथिनाचे, की केवळ शर्करेचे, हे त्या एका प्रयोगावरून ठरत नाही. याच कारणाने ई. कोलायमध्ये तयार केलेले जीपी४० वापरताना सावध राहावे, कारण त्या जिवाणूत परजीवीसारख्या शर्करा प्रथिनाला जोडल्या जात नाहीत. असे प्रथिन पेशीला चिकटले नाही, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

मोजणी केव्हा केली, हा प्रश्न मी कोणत्याही निबंधात सर्वप्रथम शोधतो. एचसीटी-८ या मानवी आतड्याच्या कर्करोगजन्य पेशींवर परजीवी सोडून चोवीस तासांनी डीएनए मोजण्याचा प्रघात आहे. तोपर्यंत आत शिरलेला परजीवी विभागून वाढलेला असतो. म्हणून चोवीस तासांनंतर आढळलेली घट चिकटण्यातील, शिरण्यातील की वाढीतील, हे सांगता येत नाही. इतकेच नव्हे, तर नुसते बाहेर चिकटून राहिलेले परजीवीसुद्धा डीएनएच्या मोजणीत धरले जातात. यावर उपाय असा की एक मोजणी पहिल्या दोन-तीन तासांत करावी आणि दुसरी नंतर. पहिल्या मोजणीत दोन रंगांची पद्धत वापरावी: पेशीपटल अभेद्य असताना एका रंगाच्या प्रतिपिंडाने बाहेर राहिलेले परजीवी रंगवावेत, नंतर पटलाला छिद्रे पाडून दुसऱ्या रंगाने सर्व परजीवी रंगवावेत, आणि दोन्हींतील फरक आत शिरलेल्यांचा मानावा. पेशींवर ऊसिस्ट न टाकता आधीच बाहेर काढलेले स्पोरोझोइट टाकावेत, नाहीतर तपासायचा पदार्थ ऊसिस्ट फुटण्यालाच आळा घालत असेल तरी तो प्रवेश रोखतो असा भास होईल. सायटोकॅलेसिन डीसारख्या ॲक्टिनविरोधी औषधांचे निष्कर्षही जपून वाचावेत. ते औषध परजीवीचे सरपटणे आणि यजमान पेशीची हालचाल या दोहोंवर परिणाम करते.

कामाच्या टेबलाबाबत एक सूचना येथेच करतो. ऊसिस्ट क्लोरीनला दाद देत नाही, म्हणून टेबल ब्लीचने पुसून समाधान मानू नये. वापरलेले साहित्य ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने, निर्जंतुक करावे आणि पृष्ठभागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवावे.

जनुकीय पुरावा सर्वांत वजनदार समजला जातो आणि ते बव्हंशी योग्यही आहे. जॉर्जिया विद्यापीठातील बोरिस स्ट्रीपेन यांच्या गटाने २०१५ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने या परजीवीत बदल करून दाखवला, त्याआधी असा पुरावा मिळवणे शक्यच नव्हते. तरीही जनुक काढून टाकलेला परजीवी हाती लागला नाही, एवढ्यावरून ते जनुक प्रवेशासाठी आवश्यक ठरत नाही. ते वाढीसाठी आवश्यक असेल, किंवा प्रयोगच फसला असेल. बदललेला परजीवी हाती लागला, तर काढलेले जनुक परत घातल्यावर दोष भरून निघतो का, हेही विचारावे.

ऱ्होप्ट्रीतील आरओपी१ हे प्रथिन या संदर्भात बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार ते प्रवेशाच्या क्षणीच यजमान पेशीत सोडले जाते आणि तेथील एलएमओ७ या, पेशींची रचना व परस्परांतील बांधणी राखणाऱ्या प्रथिनाला चिकटते. वेळ आणि जागा दोन्ही पाहता याला प्रवेशाचे साधन म्हणण्याचा मोह होतो. परंतु आरओपी१ नसलेला परजीवी जगतो, आणि परजीवीतून आरओपी१ काढले असता व उंदरातून एलएमओ७ काढले असता संसर्गाचा भार परस्परविरुद्ध दिशांनी बदलतो. म्हणजे हे प्रथिन प्रवेशाच्या वेळी येते खरे, पण त्याचे काम पेशीत स्वतःला सोयीची जागा घडवण्याचे असावे. मेडल२ नावाचे दुसरे प्रथिन तर परजीवी आत स्थिरावल्यानंतरच यजमान पेशीत पाठवले जाते. त्याला प्रवेशाच्या यादीत घालण्याचे कारणच नाही.

प्राण्यांवरील निष्कर्षांनाही हीच चाळणी लावावी. साधारण प्रौढ उंदरात हा परजीवी नीट टिकत नाही, त्यामुळे बहुधा इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारशक्तीचे प्रथिन नसलेले उंदीर वापरतात आणि तेथे दिसलेली घट प्रवेशापासून प्रतिकारापर्यंत कशाचीही असू शकते. युरोपात गाभण गायींना देण्यासाठी जीपी४० असलेली लस उपलब्ध आहे. चिकातून प्रतिपिंडे मिळालेल्या वासरांना जुलाबापासून संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू. वासरांना त्याचा लाभ होतो म्हणून जीपी४० पेशीत शिरण्याचे साधन ठरते, असे मात्र लिहू नये. चिकातील प्रतिपिंडे आतड्याच्या पोकळीतच परजीवींचे गठ्ठे बांधत असतील, चिकटणे रोखत असतील किंवा दोन्ही करत असतील. त्यांतील कोणते, हे ठरवण्यासाठी तेच प्रतिपिंड फॅबच्या रूपात, मोकळ्या स्पोरोझोइटवर, दोन रंगांच्या पद्धतीने आणि पहिल्या काही तासांतच तपासावे लागेल.