फासे नडले म्हणण्याआधी : टेबलावरच्या लढाईतल्या या चुका टाळा

"फासे नडले रे!"

दर दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, हे वाक्य आमच्या खोलीत निदान दोनदा ऐकू येतं. बारा वर्षं ऐकतोय. आता माझं मत पक्कं झालंय की फासे बिचारे बहुतेक वेळा निर्दोष असतात. हरणाऱ्यानं पहिला फासा टाकायच्या आधीच माती खाल्लेली असते. कधी घरी सैनिक रंगवताना, कधी टेबल मांडताना, कधी नियम न वाचता खुर्ची ओढताना.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर डोंगर, नदी, गावं, आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक. टेपनं मोजून चाली करायच्या, फासे टाकून गोळीबाराचा निकाल लावायचा. दोन्ही बाजूंची एकेक पाळी झाली की एक डाव. बुद्धिबळाचं आणि दिवाळीतल्या किल्ल्याचं लग्न लावलं तर जे होईल ते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतल्या एका जुन्या राज्याच्या) सैन्यात अधिकाऱ्यांना तयार करायला असलेच खेळ वापरायला सुरुवात झाली. आम्ही पुण्यात भाड्याच्या हॉलमध्ये चहा-वडापावसोबत खेळतो, एवढाच फरक.

इतिहासाचा पेपर फुटलेला असणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी ही.

ऐतिहासिक लढाई मांडायची म्हटली की आपल्याकडे पहिलं नाव पानिपत निघतं, दुसरं असई. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ही लढाई झाली. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्याकडे मित्रांचे घोडेस्वार धरूनही दहा हजारांच्या आत माणसं. समोर शिंदे-भोसल्यांचं त्याच्या कैक पट सैन्य, त्यात पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखालच्या दहा हजारांच्या आसपास कवायती पायदळाचे कंपू (म्हणजे पलटणींचे मोठे गट) आणि शंभरएक तोफा. वाटाडे म्हणाले, नदीला उतार, म्हणजे चालत ओलांडण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीनं पाहिलं की दोन्ही काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. समोरासमोर गावं म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. उतार होता आणि त्यावर पहारा नव्हता. तिथून तो पार झाला.

आम्ही ही लढाई पहिल्यांदा मांडली तेव्हा मी तीन आठवडे खपलो होतो. नद्या थर्माकोलमध्ये कोरल्या, गावाला मातीची तटबंदी केली, पलटणी मोजून मापून उभ्या केल्या. शिंद्यांची बाजू आमच्यातल्या एका बँकवाल्या गड्यानं घेतली. त्यानं आदल्या रात्री सगळं वाचून काढलं होतं. पहिल्याच डावात त्यानं बारा तोफा उचलल्या आणि थेट त्या उतारावर नेऊन लावल्या. वर माझ्याकडे बघून हसला. वेलस्ली झालेला आमचा मित्र नदीकाठी दोन तास ताटकळला, मग एकदा पाण्यात उतरला आणि चाळीस मिनिटांत संपला. तीन आठवड्यांची मेहनत, निकाल दुपारी साडेचारला. आणि तोही हरल्यावर काय म्हणाला? "फासे नडले."

पोलमनला तो उतार सुचला नाही, कारण त्याला पुढचं माहीत नव्हतं. तुमच्या खेळाडूला माहीत असेल तर तुम्ही असईची लढाई खेळत नाही, असईच्या चुका दुरुस्त करताय.

यावर पुस्तकी उपाय बरेच आहेत. माझी सवय सांगतो : लढाईचं नाव लपवायचं. सात-आठ महिन्यांनी मी तोच नकाशा काढला, आरशात दिसेल तसा उलटा केला, नद्यांना स्पॅनिश नावं दिली आणि सगळ्यांना सांगितलं की हे १८०९ सालचं स्पेन. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या जागी फ्रेंच आले. तोच बँकवाला गडी, तीच बाजू. उतार त्यानं सताड उघडा ठेवला! दुसऱ्या बाजूच्या मित्रानं त्याहून कमाल केली. आपली एक तुकडी त्यानं सरळ गावाच्या तोंडावर नेली आणि तिथल्या तोफांपुढे ती चिरडली गेली. खऱ्या लढाईत वेलस्लीचे पुढचे पहारे असेच वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेले, त्यांच्यामागून ७४वी हायलँडर पलटण गेली आणि तिची धूळधाण उडाली. खेळ संपल्यावर मी नकाशा पुन्हा उलटा करून दाखवला, तेव्हा दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

नाव लपवणं जमत नसेल तर निदान एक अंपायर नेमा आणि सुरुवातीचे हुकूम बंद चिठ्ठीत द्या. चिठ्ठी मुद्दाम थोडी मोघम लिहा. "गावाच्या डावीकडून जा" एवढंच. कुणाच्या डावीकडून, हे सेनापतीनं ठरवावं. अर्ध्या लढाया तिथेच फिरतात.

जिंकलेली जागा मोकळी सोडणे

असईतलाच धडा. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे तोफची उठले आणि त्याच तोफा त्यांनी पाठीमागून इंग्रजांवर डागल्या. आमच्याकडे आता घरचा नियम आहे : घेतलेल्या तोफेजवळ एकही तुकडी ठेवली नाही, तर पुढच्या डावात फाशावर ५ किंवा ६ पडला की ती तोफ पुन्हा शत्रूची. नवी पोरं पळत्याच्या मागे सुसाट सुटतात. त्यांना दोनदा पाठीत गोळा बसला की शहाणी होतात.

लढाई फार मोठी मांडणे

वेळ सहा तास आणि टेबलावर दोन्हीकडच्या मिळून चाळीस पलटणी. तिसऱ्या डावाला अंधार पडतो, हॉलचा वॉचमन किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. माझा हिशेब सोपा : एका खेळाडूकडे सहा ते आठ तुकड्या, त्याहून एकही जास्त नाही. आणि किती डावांत संपवायचं हे आधी ठरवून भिंतीवर लिहायचं. डावांची मर्यादा नसली की दोघंही टेकडीवर बसून राहतात.

मापाचा घोळ

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराज बुरुजापेक्षा. लहानपणी त्याचं काही वाटत नाही, वाटूही नये. पण इथे येऊन लोक उलट टोकाला जातात. "अहो, बंदुकीचा पल्ला फक्त आठ इंच? हे खरं वाटत नाही." हिशेब करा. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे माणसाच्या साधारण एक साठांश. त्याच प्रमाणात १०० मीटरचा पल्ला मोजला तर तो साडेपाच फूट होतो. टेबलाची रुंदी चार फूट! म्हणून जमिनीचं प्रमाण वेगळं आणि माणसांचं वेगळं ठेवावंच लागतं. टेबलावरचं एक घर म्हणजे एक वाडी, चार झाडं म्हणजे राई. हे एकदा मनानं मान्य केलं की भांडणं निम्मी होतात.

एकाच टेबलावर २८ मिलिमीटर आणि १५ मिलिमीटर मात्र मिसळू नका. "लांब आहेत म्हणून लहान दिसतात" हे कारण मी ऐकून घेत नाही.

सगळे मराठे मावळे समजणे

१८०३ सालच्या शिंद्यांच्या पलटणी रंगवायला घेतात आणि ढाल-तलवारवाले मावळे उभे करतात. मधे सव्वाशे वर्षं गेलीत, बाबांनो. युरोपी पद्धतीची कवायत, संगिनीची बंदूक, युरोपी अधिकारी, असे हे कंपू होते. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदीसुद्धा कवायतीच होते. रंगाचा डबा उघडायच्या आधी एक संध्याकाळ वाचनाला द्या.

पावसाळ्यात स्प्रे मारणे

आता माझी स्वतःची लाज.

जुलै महिना, बाहेर रिपरिप. ४८ सैनिक पूर्ण झाले होते. तीन महिने, रोज रात्री जेवणानंतर तासभर. बटणं, पट्टे, संगिनींची टोकं, सगळं. राहिलं होतं फक्त मॅट वॉर्निश, म्हणजे रंग जपणारा बिनचमकीचा थर. रविवारी खेळ होता आणि शनिवारी दुपारी मला धीर धरवेना. बाल्कनीत खोका ठेवला, डबा हलवला आणि एका दमात मारून मोकळा झालो. चहा पिऊन परत आलो तर सगळी पलटण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी! लाल डगले गुलाबी, काळे बूट राखाडी. बायको म्हणाली, "अय्या, बर्फातली लढाई आहे का?" मी उत्तर दिलं नाही.

हवेत ओल फार असली की वॉर्निश सुकताना धुरकट पांढरं होतं. डबा पुरेसा हलवला नाही किंवा फार जाड थर मारला तरी तेच होतं. मी तिन्ही केलं होतं.

उपाय आहे, घाबरून खरवडायला घेऊ नका. पूर्ण सुकू द्या, निदान एक दिवस. मग ब्रशनं चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात द्या. पांढुरकेपणा बहुतेक निघून जातो. तो सुकला की ब्रशनंच मॅट द्या. माझे ४८ पैकी चाळीसएक वाचले. उरलेले मागच्या रांगेत उभे असतात, त्यांना आम्ही भुतांची पलटण म्हणतो.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझे सगळे स्प्रे कपाटात कुलूपबंद. प्रायमरसुद्धा ब्रशनं. वेळ लागतो. लागू दे. "पण सर, हेअर ड्रायरनं हवा कोरडी करून मारलं तर?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मार बाबा. मग माझ्याकडे ये.

याच घाईची धाकटी बहीण म्हणजे प्लॅस्टिकचे मऊ सैनिक न धुता रंगवणे. १/७२ मापाचे ते स्वस्त, वाकणारे सैनिक मिळतात ना, साच्याचा तेलकटपणा त्यांच्यावर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. धुवून सुकवून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्या, मग रंग. नाहीतर पहिल्याच चढाईत भाल्यावरचा रंग सालासारखा निघतो.

भराभर काही किरकोळ

चाल मोजताना तुकडीच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजा. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मोजणारे प्रत्येक डावाला इंचभर फुकट खातात आणि त्यांना ते कळतही नाही, असं ते म्हणतात.

रांग वळवताना बाहेरच्या टोकानं मोजा.

तिरका पडलेला फासा पुन्हा टाकायचा. हे खेळाआधी ठरवा, तिरका पडल्यानंतर नाही.

नियमावरून वाद झाला तर एक मिनिट पुस्तक चाळा. सापडलं नाही तर ४ ते ६ माझं, १ ते ३ तुझं. खरं काय ते घरी जाऊन वाचा. आमच्याकडे एकदा झाडीतून तोफ दिसते की नाही यावर पाऊण तास गेला, आणि ती तोफ त्या लढाईत एकदाही डागली गेली नाही.

सैनिक उचलताना बेसला, म्हणजे पायाखालच्या चकतीला, धरा. वडापावच्या हातानं तर टेबलाजवळच येऊ नका.

ब्रशचं पाणी आणि चहा एकसारख्या कपात ठेवू नका. कारण विचारू नका.

पहिल्याच महिन्यात दोनशे सैनिक मागवू नका. बारा रंगवा. बारा पूर्ण झाले तर आणखी बारा. आमच्यातल्या एकानं थ्री-डी प्रिंटर घेतला आणि दीड महिन्यात आख्खी घोडदळाची फौज छापली. अजून करडी आहे. बेरंगी फौज टेबलावर आणायला आमच्याकडे बंदी नाही, पण मी तिच्याविरुद्ध जरा जास्त जोर लावून खेळतो.

आणि फाशांचं म्हणाल तर

दहा फासे टाकलेत आणि ५-६ ला गोळी लागते. सरासरी तीन-साडेतीन गोळ्या लागणार. तुमची आख्खी योजना सहा लागण्यावर उभी असेल तर ती योजना नाही, नवस आहे. एकही न लागण्याची शक्यता साठ वेळांत साधारण एकदा. भरगच्च खेळात दोन्हीकडून एवढ्या फैरी झडतातच, म्हणजे दुपारभरात कुणाची तरी एखादी फैर कोरी जाण्याची शक्यता बरीच. ती तुमची गेली तर मागे राखीव पलटण होती का, एवढंच मी विचारतो.

गेल्या रविवारी बँकवाला गडी हरला. खुर्चीत मागे रेलला, फासे वाटीत टाकले आणि माझ्याकडे बघितलं. मी भुवया उंचावल्या.

"राखीव नव्हती," तो म्हणाला आणि सैनिक डब्यात भरायला लागला.