बोटीचा जुना गिअरबॉक्स: उघडायचा की बदलायचा?

चांदोदला नर्मदेत चालणारी बोट "गिअर टाकला तरी ओढत नाही" म्हटलं, की बडोद्यातला मेकॅनिक आधी गिअरबॉक्स उतरवून आणायला सांगतो. इतक्यात उतरवू नका. बॉक्स एकदा टेबलावर आला की प्रेशर मोजता येत नाही, घसरण दिसत नाही, आणि निर्णय अंदाजाने होतो. पुढची माहिती हायड्रॉलिक क्लचच्या, म्हणजे तेलाच्या प्रेशरने क्लच दाबणाऱ्या बॉक्सची आहे.

सुरुवात केबलपासून. इंजिन बंद करून बॉक्सच्या लिव्हरची केबल सोडवा, मग इंजिन सुरू करून आयडलवर लिव्हर हाताने शेवटपर्यंत पुढे न्या. आता बोट नीट ओढत असेल तर दोष केबलचा आहे. ही ढिली केबल महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर अर्धवट लागलेला क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात.

मग तेल. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर प्लेटा गेल्या आहेत. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक वेळा ऑइल कूलरची नळी फुटून. इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर जास्त असतं म्हणून तेल पाण्यात जातं. बंद झालं की पाणी उलट आत येतं. म्हणजे कूलिंगच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, की तिथेच सावध व्हावं. असं पाणी पंधरा दिवस आत राहिलं तर बेअरिंग गंजतात आणि कूलरच्या कामाचं ओव्हरहॉल होतं.

तेलाची चाळणी काढून बघा. बोटांत चोळल्यावर न टोचणारा राखाडी गाळ ही नेहमीची झीज. पितळी रंगाचे कण क्लच प्लेटच्या अस्तराचे असू शकतात. चकचकीत, टोचणारे स्टीलचे तुकडे मात्र बेअरिंगचे किंवा दातांचे; हे दिसले तर बोट चालवू नका.

खरा निकाल प्रेशर गेज देतो, तोही तेल पूर्ण तापल्यावर. थंड तेलावर झिजलेला पंपसुद्धा ठीक दिसतो. आकडा मॅन्युअलशी ताडा. पुढे आणि मागे दोन्हीकडे प्रेशर कमी असेल तर चाळणी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच बाजूला कमी असेल तर त्या क्लचच्या सील रिंगा. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवून देणारे भेटतात, त्यांना हात जोडा.

शेवटी बोट खोल पाण्यात मजबूत बांधून लोड द्या आणि टॅकोमीटरने शाफ्टचे फेरे मोजा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे आणि रेशो ३:१ (इंजिनच्या तीन फेऱ्यांना शाफ्टचा एक) असेल तर शाफ्ट ५०० हवा. ४५० आला तर क्लच दहा टक्के घसरतोय. ५०० येऊनही बोट ओढत नसेल तर पंखा (प्रोपेलर) बघा. आयडलला खडखडाट आणि फेरे वाढवले की शांतता, हा बहुधा फ्लायव्हीलवरच्या, धक्के शोषणाऱ्या डॅम्पर प्लेटचा आवाज असतो.

सील, बेअरिंग, प्लेटा, पंप: एवढ्यावर भागत असेल आणि सुटे भाग मिळत असतील तर दुरुस्ती करा. बेअरिंगची चिंता नको. एफएजी या बेअरिंगच्या ब्रँडचा कारखाना बडोद्यात माणेज्यालाच आहे. दुकानात माप नव्हे तर रिंगवर कोरलेला पूर्ण नंबर न्या, मागच्या अक्षरांसकट. टेपर बेअरिंग असेल तर शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) प्ले, म्हणजे बेअरिंगची ढिलाई, पुन्हा लावावाच लागतो.

दातांवर खड्डे पडले असतील, बेअरिंगची बैठक सैल झाली असेल किंवा बॉडीला तडा असेल, तर बदलण्याकडे झुका. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नमुन्यावरून गिअर कापून मिळेल, पण हार्डनिंग आणि ग्राइंडिंगशिवाय तो टिकत नाही, आणि जोडीतला एकच बदलला तर दोन्ही रडतात. दातांवर वेल्डिंग तर नकोच.

दुरुस्तीचा अंदाज नव्या बॉक्सच्या निम्म्यावर गेला की नवा घ्यावा, असं आमचं मत. पण "नव्याची किंमत" पूर्ण धरा. रेशो बदलला तर पंखा बदलतो: त्याच १५०० फेऱ्यांना २.५:१ वर शाफ्ट ६०० फिरेल आणि जुना पंखा इंजिनवर भारी पडेल. बेल हाउसिंगचा (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या कव्हरचा) एसएई नंबर, म्हणजे ठरीव मापाचा क्रमांक, शाफ्टची उंची, बॉक्सची लांबी आणि फिरण्याची दिशा जुळली नाही तर फाउंडेशन, कपलिंग, कधी शाफ्टही नवा. ऑर्डर देण्याआधी ही मापं जुन्या बॉक्सवरून लिहून घ्या.

जुना बसवा की नवा, अलाइनमेंट बोट पाण्यात उतरवून, एक दिवस तरंगू दिल्यावरच करा. कोरड्यावर केलेलं पाण्यात बदलतं. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चार बाजूंनी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर नवं ऑइल सीलही पुन्हा गळायला लागेल.